लाझारनं ओळखलेला गाल

शेतिकॅम्प, शनिवार, ५ मार्च १९८८

प्रिय आत्या,

उद्या रविवार. नेहमीसारखा तुझा फोन येईल आणि उचलेल बाबा. तुझ्या या धाकट्या भावाला फोनवर हवामानाशिवाय काही बोलता येत नाही, हे तू माझ्या जन्माआधीपासून जाणतेस. म्हणून खरी बातमी पत्रानं कळवतेय. परवा, गुरुवारी, माझ्या चारही अक्कलदाढा काढल्या. खालच्या दोन हाडात आडव्या झोपल्या होत्या, त्या म्हणे फोडून तुकड्यातुकड्यांनी बाहेर काढल्या. विसाव्या वर्षी होती नव्हती तेवढी अक्कलही गेली, असं बाबा दारात येईल त्याला सांगतोय.

तोंड बघण्यासारखं झालंय. गाल कानापासून हनुवटीपर्यंत एकसारखे फुगलेत, डोळे बारीक झालेत आणि दोन दातांच्या मधून चमचाही तिरका करून घालावा लागतो. डॉक्टरनं दिलेल्या कागदावर लिहिलंय की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सगळ्यात जास्त असते, मग उतरते. बाबानं तो कागद फ्रीजवर चिकटवलाय आणि दिवसातून दहा वेळा वाचतो. वीस मिनिटं गालावर बर्फ, वीस मिनिटं सुट्टी. हातात अंडी उकडायचं घड्याळ घेऊन तो माझ्यासमोर खुर्ची टाकून बसायचा! आज बर्फ संपला, आता गरम पाण्यात पिळलेलं फडकं. झोपायचं तीन उशांवर, डोकं वर ठेवून. जेवण म्हणजे फ्रिकोच्या रश्श्यातली कोंबडी बाजूला काढून उरलेलं गाळलेलं पाणी आणि कुस्करलेला बटाटा. काल त्यानं प्रेमानं मिल्कशेक आणला, स्ट्रॉ घालून माझ्या तोंडात दिला, मग त्याला कागद आठवला आणि विष असल्यासारखी ती स्ट्रॉ ओढून घेतली. आई हसून हसून दमली.

स्ट्रॉ का नको, ते सांगते, कारण तेच तुला सांगायला पत्र लिहायला बसले. दाढ निघाली की तिथे खळगा राहतो आणि त्यात रक्ताची गुठळी बसते. चोखलं की ती सुटून येते. काल मी आरशासमोर बॅटरी धरून पाहिली. काळपट लाल, गप्प बसलेली. डॉक्टर म्हणाला होता, तिला हात लावू नकोस, याहून चांगली पट्टी अजून कुणाला बनवता आलेली नाही. आत्या, मी झोपलेली होते. मला कुणी विचारलंही नाही, आणि माझ्या तोंडानं आपली आपण ती पट्टी केली, मोजून त्या खळग्याएवढी. मी किती वेळ बघत उभी होते कुणास ठाऊक.

खालचा ओठ उजवीकडे अजून जड आहे. भूल उतरायची असेल.

आणि मोठी बातमी. ९ एप्रिलला मला मंक्टनला बोलावलंय! तिथल्या एका वादकांच्या चमूला तुर्लुत करणारं कुणीतरी हवंय. फिडल, गिटार सगळं आहे त्यांच्याकडे, फक्त तोंडानं नाचाच्या चाली वाजवणारं माणूस नाही. बाबानं शिकवलेल्या चाली करून दाखवणार आहे. घेतलं तर उन्हाळाभर गावोगाव फिरणार. मला दुसरं काही नको आहे, आत्या.

तुझी,
ओदील


फातिमा, मादलेन बेटं, गुरुवार, १० मार्च

ओदील पोरी,

तुझं पत्र विमानानं काल आलं. बर्फ काय, घड्याळ काय! आमच्या वेळी मोज्यात उकडलेला बटाटा भरून गालावर बांधायचे आणि गाल आणखी फुगायचा. तुमचा कागद शहाणा आहे. त्याचं ऐक.

मिठाचं कोमट पाणी घे, पण खळखळून चूळ भरू नकोस. तोंडात घ्यायचं, मान एकदा इकडे, एकदा तिकडे कलती करायची आणि बेसिनवर वाकून नुसतं तोंड उघडायचं. थुंकायचं नाही. नाक शिंकरायचं नाही. तुझ्या बापाला, ऑन्सेल्मला, सांग, घरात सिगरेट ओढलीस तर समुद्र गोठलेला आहे, मी चालत येईन.

त्या गुठळीचं लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. मी पन्नास वर्षं माणसांची आजारपणं काढली, बाळंतपणं केली, आणि अजूनही जखम भरताना दिसली की मी हातातलं काम ठेवून बघत बसते. ते दिसायला डोळा लागतो आणि तुला तो आहे.

आता नीट ऐक. शनिवारी तू लिहिलंस की ओठ जड आहे. दाढा गुरुवारी निघाल्या. भूल दोन दिवस राहत नाही, ओदील. फार तर संध्याकाळपर्यंत. ओठाला काय झालंय ते मला खरं खरं कळव, आणि डॉक्टरलाही कळव. बापापासून लपव हवं तर, माझ्यापासून नको.

मंक्टनचं तुझं तू बघ.

आत्या


शेतिकॅम्प, मंगळवार, १५ मार्च

प्रिय आत्या,

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी अंघोळ करत नव्हते. बाबाला तसं सांगायला लावलं. माझं बोलणं फोनवर तुला लगेच कळलं असतं.

आधी माझा मूर्खपणा. गेल्या आठवड्यात, सोमवारी, सोंग घेऊन मी-कारेमला गेले. चौथा दिवस होता, सूज थोडी उतरून पिवळी-हिरवी झाली होती, पण उपासाच्या दिवसांत मजा करायला हा एकच आठवडा मिळतो आणि तोही घरात बसून घालवायचा? शिवाय मला वाटलं, यंदा मला कोण ओळखणार! बाबाचा बोटीवरचा कोट घातला, डोक्यावरून उशीचा अभ्रा ओढला, त्याला डोळ्यांची भोकं पाडली आणि शेजारच्या दोघींबरोबर निघाले. घरोघरी सगळं नेहमीसारखं चाललं. आत कोण आहे ते ओळखायला लोक पोटात बोटं खुपसत होते, बूट बघत होते, नावं घेत होते. आणि आम्ही आवाज ओळखू येऊ नये म्हणून श्वास आत ओढत बोलत होतो.

श्वास आत ओढत, आत्या! तीन घरं मी तशी बडबडले. कागदावर स्ट्रॉ होती, सिगरेट होती, थुंकणं होतं. मी-कारेमचं बोलणं कुठल्या डॉक्टरला सुचणार? बुधवारी सकाळी उजव्या बाजूनं कान फाटायला लागला. गुठळी सुटून गेली होती, खळग्यात नुसतं उघडं हाड. मी कारण सांगितलं तेव्हा डॉक्टरनं कपाळावर हात मारून घेतला, त्याचं आजोळ इथलंच आहे. लवंगेच्या वासाची ओली पट्टी आत भरली आणि दहा मिनिटांत कळ थांबली. मी रडले, इतकं बरं वाटलं.

तेव्हाच त्याला ओठाचं सांगितलं. त्यानं मला डोळे मिटायला लावले. "कापूस लावतोय, कळतंय का?" नाही. "आता सुई." नाही. खालचा ओठ अर्धा आणि हनुवटीचा उजवा भाग, तिथे काही नाही. खालच्या दाढेजवळून एक नस जाते, ती दबली असणार म्हणाला. काही आठवड्यांत परत येईल. किंवा काही महिन्यांत. पुढे तो माझे कागद चाळत राहिला.

मी तुर्लुत करून पाहिलं, कोठीत जाऊन. ओठ आहे तिथेच आहे, पण मला तो सापडत नाही. प आणि ब येईपर्यंत ताल पुढे निघून जातो. हनुवटीवर लाळ आलेली मला आरशात कळली.

आणखी एक गोष्ट. त्या सोमवारी शेवटचं घर लाझारचं होतं. चौऱ्याऐंशीचा झालाय, डोळ्यांनी फारसं दिसत नाही, म्हणून त्याला आम्ही हातानं ओळखू देतो. त्यानं अभ्र्यावरून माझे दोन्ही गाल धरले, बोटांनी चाचपले आणि त्याचा चेहराच बदलला. म्हणाला, "एमेलीन. काढ ते, एमेलीन. बघू दे काय केलं त्यांनी तुझं." मग म्हणाला, "आता आम्ही कशावर नाचायचं?" त्याच्या सूनबाईंनी सांगितलं की हल्ली त्यांचं डोकं ठिकाणावर नसतं. असेलही. पण त्यानं तुझंच नाव का घेतलं?

तुला तुर्लुत आवडत नाही हे मला ठाऊक आहे. बाबा म्हणतो, लग्नघरात कुणी सुरू केलं की तू उठून भांडी घासायला जातेस. तुझ्या पत्रात मंक्टनबद्दल एक ओळ होती, तीही टाळल्यासारखी. तुला राग असेल तर असू दे. पण माझ्यासाठी हे सगळं आहे, आणि मला फार भीती वाटतेय.

ओदील


फातिमा, मंगळवार, २२ मार्च

ओदील,

लाझारचं डोकं शाबूत आहे.

हे पत्र ऑन्सेल्मसमोर वाचू नकोस.

१९३७ सालचा मी-कारेम. मी वीस वर्षांची होते, शरद ऋतूत लग्न व्हायचं ठरलं होतं. तेव्हा आपल्याकडे एक पद्धत होती. लग्न ठरलेल्या मुलीचे सगळे दात काढून तिला नवी कोरी कवळी द्यायची. सासरी गेल्यावर दातदुखी नको, नवऱ्याच्या मागे ती कटकट नको. बापानं मुलीला दिलेली याहून मोठी भेट नव्हती. दातांचा डॉक्टर वर्षातून दोनदा गावात येऊन हॉलमध्ये खुर्ची टाकायचा. तुझ्या आजोबांनी माझं नाव पहिलं लिहवलं. अठ्ठावीस दात, त्यातला एकही किडलेला नव्हता. दोन दिवसांत सगळे काढले.

तुला वाटेल माझ्यावर जबरदस्ती झाली. नाही ग. मी तुझ्या आजोबांच्या गळ्यात पडले होते. मैत्रिणी माझा हेवा करत होत्या. मला अभिमान वाटत होता, आणि हेच मला आजवर कुणाला सांगता आलं नाही.

तोंड फुगून भोपळा झालं होतं. तरी मी पिठाची गोणी डोक्यावर ओढून मी-कारेमला निघाले, तू आणि मी एकाच मापाच्या मूर्ख. लाझारनं माझे गाल धरून मला ओळखलं आणि गोणी काढली. त्याच्याच स्वयंपाकघरात मी तो सगळा हिवाळा तुर्लुत केलं होतं. फिडलवाला लाकूडतोडीच्या कामावर गेला होता, म्हणून तीन-तीन तास माझ्या तोंडावर नाच चालायचा. पायानं ताल, तोंडानं चाल, मध्ये पाणीसुद्धा नाही. तो म्हणाला, "आता आम्ही कशावर नाचायचं?" मला वाटलं, थट्टा करतोय. मी हिरड्यांनी हसले.

लग्नात सगळ्यांनी आग्रह केला. मी उभी राहिले, सुरू केलं. तुर्लुतला जीभ पुढच्या दातांवर कशी आपटावी लागते ते तुला माहीत आहे. नवी कवळी टकाटक वाजायला लागली आणि दुसऱ्याच फेरीला वरची निसटून ताटात पडली. सगळं लग्नघर हसलं, प्रेमानं हसलं. नवरदेव, म्हणजे तुझे आतोबा ओनेझीमही हसले. सगळ्यात मोठ्यानं मीच हसले. त्यानंतर कुणी सुरू केलं की मी भांडी घासते.

तुझ्या बापाच्या चाली कुठून आल्या ते त्याला ठाऊक नाही, हो ना? मी लग्न होऊन गेले तेव्हा तो दीड वर्षाचा होता. आम्ही तेरा भावंडं, आईला वेळ कुठला! त्याला मांडीवर घेऊन मीच वाजवायचे. पुढे आठव्या वर्षी तो एकदम तुर्लुत करायला लागला तेव्हा सगळे म्हणाले, देवाची देणगी. मी ऐकलं आणि तोंड मिटून घेतलं. त्याला हे सांगू नकोस. आजोबांवर उगाच राग धरेल, आणि त्यांनी मला त्यांच्याजवळचं सगळ्यात चांगलं तेच दिलं होतं.

आता तुझ्याबद्दल. तुझी नस कुणी काढून नेलेली नाही. ती तिथेच आहे. दाढांचे खळगे बघ आता. काठ जवळ आले असतील. माझ्या हिरड्या तर महिन्याभरात मिटून गुळगुळीत झाल्या, मी जिभेनं चाचपून थक्क व्हायचे. कोण बरोबर, कोण चूक, शरीरानं कुणाला विचारलं नाही, आपलं काम केलं. ते आत काम करतंय तेव्हा तू बाहेरून त्याला मदत कर. रोज ओठाला हात लाव. लोकर लाव, मऊ ब्रश लाव, थंड चमचा लाव, कोमट फडकं लाव. डोळे मिटून आधी डाव्या बाजूला, मग उजव्या. डावीला कळतं ते उजवीला सांगत राहा.

आणि तुर्लुत कर. लाळ गळू दे, प चुकू दे. दात गेले यात माझी काही चूक नव्हती, ओदील. माझी चूक ही की त्या दिवसानंतर मी एकदाही करून पाहिलं नाही.

आत्या


शेतिकॅम्प, सोमवार, २८ मार्च

आत्या,

चार वेळा पत्र फाडलं. काय लिहू? मला वाटायचं, तू सगळ्यांत कडक, देवभोळी, नाचाचा तिटकारा असलेली. मी लहानपणी तुझी नक्कल करायचे, भांडी आपटत. माफ कर.

लाझारकडे जाऊन आले. त्याला विचारलं, एमेलीन कशी वाजवायची? तो म्हणाला, "ती थांबायची तेव्हा पाय दुखतात हे आम्हाला कळायचं." एक्कावन्न वर्षांनी, आत्या! तुझ्या सुजलेल्या गालाचा आकार त्या माणसाच्या बोटांत राहिला आहे. मी त्याचे हात बघत बसले.

सूज पूर्ण गेली. तोंड तीन बोटं उघडतं. डाव्या बाजूचे खळगे मिटत आलेत, उजवीकडे गुलाबी कोवळं मांस खालून वर चढतंय. मी रोज बॅटरीनं बघते. लोकर, ब्रश, चमचा सगळं रोज चाललंय. उजवीकडे काही नाही. आज पंचविसावा दिवस. मंक्टनला बारा दिवस राहिले.

मी कोठीत रोज करतेय. तू म्हणालीस म्हणून. ओबडधोबड येतं.

आता माझं ऐकशील? तू पण कर. कवळी काढून ठेव आणि नुसत्या हिरड्यांनी कर. मी डॉक्टरला विचारलं नाही, कुणाला विचारलं नाही, मला माहीतही नाही की होईल का. उपास चालू आहे तोवर तू करणार नाहीस हे समजतं. ईस्टरला उपास संपतो.

बाबाला काही बोलले नाही.

ओदील


शेतिकॅम्प, सोमवार, ४ एप्रिल

माझ्या आत्या,

फोनच्या तुझ्या बाजूला काय झालं ते तुला माहीत आहे. माझ्या बाजूचं तुला कळायला हवं, म्हणून आजच लिहितेय.

काल जेवणं झाली होती, बाबा खिडकीशी पेंगत होता. फोन मी घेतला. तू नमस्कार नाही, ईस्टरच्या शुभेच्छा नाहीत, काही बोललीच नाहीस. बशीत काहीतरी ठेवल्याचा आवाज आला. मग लाकडी जमिनीवर पाय. एक, दोन. आणि मग तू सुरू केलंस.

मला वाटलं होतं, कापरा, म्हातारा, तुटका आवाज येईल. आत्या, तो तसा नव्हता. त्यात त-द नव्हतेच, सगळं म, ल आणि ब वर चाललं होतं, मऊ आणि जाड, आणि ताल एकदम पक्का. मी आयुष्यात असं तुर्लुत ऐकलेलं नाही. सत्तर वर्षांची बाई, तोंडात एक दात नाही, आणि आमच्या स्वयंपाकघरातली जमीन हलत होती!

बाबानं डोळे उघडले. "कोण आहे ग?" त्याला सांगू नकोस असं तू लिहिलं होतंस. मी फक्त फोन त्याच्याकडे फिरवला.

त्यानं कानाला लावला. तुझा भाऊ केवढा धिप्पाड आहे ते तुला माहीत आहे. तो भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली सरकला आणि जमिनीवर बसला. आई धावली, तिला वाटलं, त्याला काहीतरी झालं. त्यानं हातानं तिला थांबवलं. चालीची एक फेरी ऐकून म्हणाला, "ही मला येते." मग म्हणाला, "ही मला कुणी शिकवली नाही. ही मला आधीपासून येते." आणि फोनमध्ये, बारीक आवाजात, "मिलीन?" आई म्हणाली, तुला मिलीन म्हणताना तिनं त्याला कधीच ऐकलं नव्हतं. तूच सांग, दीड वर्षाचा असताना तो तुला तेच म्हणायचा का?

तू थांबली नाहीस. बरं केलंस. तो रडत होता, आणि रडता रडता पायानं ताल द्यायला लागला, आणि मग तोंडानंही. तुझ्या खालून, अर्धी मात्रा मागे, मांडीवरच्या मुलासारखा. तुम्ही दोघं किती वेळ वाजवत होतात मला सांगता येणार नाही. आईनं चुलीवरचं भांडं उतरवलं आणि ते तसंच हातात धरून उभी राहिली.

मग त्यानं फोन माझ्या हातात कोंबला आणि मानेनं खूण केली, घे. मी घाबरले. तुमच्या दोघांच्या मध्ये मी माझा अर्धा ओठ घेऊन काय शिरणार? पण तू थांबली नव्हतीस आणि चाल माझ्याकडे येत होती. मी फोन खांद्यानं दाबून धरला, हनुवटी त्यावर टेकली आणि सुरू केलं. पहिली फेरी वाईट गेली. दुसरी त्याहून बरी. तिसऱ्या फेरीला उजवीकडे कुणीतरी मुंग्या सोडल्यासारखं झालं, एक, मग दहा, मग ओठाच्या कोपऱ्यापर्यंत. मी थांबले नाही. मला वाटलं, मनाचे खेळ. मग तू थांबलीस, मी थांबले, आणि फोन तसाच हनुवटीला टेकलेला होता.

अजून पूर्ण नाही. आज सकाळी सुई कळली, कापूस नाही कळला. शनिवारी मी मंक्टनला जातेय, आणि हे झालं नसतं तरी गेले असते. बाबा गाडी चालवणार आहे. तुझ्या पुढच्या फोनची वाट बघत तो घरात गुणगुणत फिरतोय आणि मला सारखं विचारतोय, ती अजून काय काय वाजवायची?

पण तू थांबलीस त्या क्षणाचं तुला सांगायचं राहिलं. तुझा श्वास ऐकू येत होता, आणि माझ्या हनुवटीला उजवीकडे काहीतरी लागत होतं. मला आधी कळेना काय ते. फोनचं प्लास्टिक थंड होतं, आत्या.

तुझी,
ओदील